तेच पाणी, तेच शेवाळ

घरच्या पोहण्याच्या तलावात शेवाळ का होते, हे कुणीही सांगेल. उघडे पाणी, ऊन, वाऱ्याने आलेली धूळ आणि त्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे बीजाणू, एवढे एकत्र आले की झाले. अवघड प्रश्न पुढचा आहे. घासून, धुऊन, औषध टाकून नितळ केलेले पाणी तीन आठवड्यांत पुन्हा हिरवे का होते? बाजाराचे उत्तर ठरलेले असते: औषध कमी पडले, आणखी टाका. इतिहास पाहिला तर मात्र वेगळेच दिसते. शेवाळ माणसाच्या कितीतरी आधीपासून पृथ्वीवर आहे, पण पोहण्याच्या तलावात ‘परत परत येणारे शेवाळ’ ही तक्रार जेमतेम शंभर वर्षांची आहे. माणसाने तलावातले पाणी बदलायचे थांबवले तेव्हा ती सुरू झाली. तेच पाणी वर्षानुवर्षे वापरायचे ठरल्यावर ते टिकवायला एकामागून एक औषधे आली. प्रत्येक औषधाने आधीची अडचण सोडवली, आणि जवळजवळ प्रत्येकाने आपले काहीतरी पाण्यात मागे ठेवले. आज घरच्या तलावातले शेवाळ जे पुन्हा उगवते, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हे मागे राहिलेले असते.

जुन्या पाणवठ्यांची रचना पाहिली तर पाणी साठवण्याइतकाच विचार ते बाहेर काढण्याचा केलेला दिसतो. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास खोल आहे. पाझर थांबवायला त्याला डांबराचा थर दिलेला आहे, शेजारच्या दालनात विहीर आहे आणि पाणी सोडून द्यायला कमान घातलेली मोठी मोरी आहे. इतकी मोठी मोरी बांधणाऱ्यांना तेच पाणी जपून ठेवायचे नव्हते, हे उघड आहे. आपल्याकडे साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर घ्या. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात बांधलेली ही विहीर आमराईला पाणी द्यायला होती. व्यास सुमारे 50 फूट आणि खोली सुमारे 110 फूट. एवढ्या खोल विहिरीच्या पाण्यावर ऊन पडते ते डोक्यावर सूर्य असताना, थोडाच वेळ. त्यात मोटा चालू असताना वरून उपसा आणि खालून झरा. ऊन कमी आणि पाणी फिरते, मग शेवाळाने जम बसवायचा कधी? यावर कुणी म्हणेल की देवळांपुढची कुंडे, पुष्करण्या तर हिरव्या असत आणि अजूनही असतात. खरे आहे. उथळ, उघडी, क्वचित उपसली जाणारी कुंडे हिरवी होतच. पण त्या हिरवेपणाला कुणी बिघाड म्हणत नसे. पाण्याची परीक्षा चवीवर, वासावर आणि गढूळपणावर होई. गढूळपणाला तुरटी होती, निवळीचे बी होते, आणि दोन्ही गाळ खाली बसवण्यासाठी. पुष्करणीचा तळ दिसला पाहिजे अशी अपेक्षाच नव्हती. ती अपेक्षा पांढऱ्या फरशीच्या तलावाबरोबर आली. बुडणारा माणूस काठावरून दिसला पाहिजे, म्हणून तळ दिसणे हा पुढे सुरक्षेचा नियमच झाला.

पांढऱ्या फरशीच्या तलावांची पहिली पिढी मात्र पाणी बदलणाऱ्यांचीच होती. इंग्लंडमध्ये 1846 मध्ये सार्वजनिक स्नानगृहे आणि धुण्याच्या जागा बांधण्याचा कायदा झाला. पुढच्या काही दशकांत शहराशहरांत नगरपालिकांचे तलाव उभे राहिले. पद्धत साधी होती: भरायचे, वापरायचे, सोडून द्यायचे, पुन्हा भरायचे. आठवड्यातून एकदा, कुठे दोनदा. त्यामुळे पाण्याला वार चिकटले. ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग. पाणी जसे शिळे होई तसे ते स्वस्त, म्हणजे गरिबाने पोहायचे ते श्रीमंताने वापरून झालेल्या पाण्यात. अमेरिकेत या वेळापत्रकात वंशभेद शिरला. कॅलिफोर्नियातल्या पासाडीना शहरात 1914 मध्ये उघडलेल्या ब्रुकसाइड पार्कच्या तलावावर गोरे नसलेल्यांना आठवड्यातला एकच दिवस होता, आणि तो संपला की तलाव रिकामा करून धुतला जाई. हे प्रकरण पुढे न्यायालयात गेले. महाडच्या चवदार तळ्याचे 1927 मध्ये सनातन्यांनी जे ‘शुद्धीकरण’ केले, ते ज्याला ठाऊक आहे त्याला पासाडीनाचा तो एक दिवस वेगळा समजावून सांगायला नको. पाणी बदलण्याचे कारण नेहमी मळच असतो असे नाही. तरी आपल्या विषयापुरती गोष्ट एवढी खरी, की ज्या तलावातले पाणी दर आठवड्याला मोरीत जाते तिथे शेवाळाला वाढायला अवधीच मिळत नाही. थोड्या पेशींपासून सगळे पाणी हिरवे व्हायला ऊन-उबेत दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्याआधीच नवे पाणी येई.

हे चक्र थांबले ते खर्चामुळे. पाण्याचे मीटर आले आणि थंड देशांत तर तलावाचे पाणी कोळशावर तापवावे लागे. दर आठवड्याला तापवलेले पाणी फेकून देणे कुठल्याच संस्थेला परवडणारे नव्हते. गाळण यंत्रामुळे तेच पाणी फिरवून वापरता येऊ लागले, पण त्यात रोगजंतू साठण्याची भीती होती. ती भीती क्लोरीनने घालवली. क्लोरीन जुने होते. कार्ल विल्हेल्म शीलने ते 1774 मध्ये वेगळे केले, चार्ल्स टेनंटने 1799 मध्ये त्याच्यापासून कापड पांढरे करायची भुकटी बनवली, आणि सेमेलवाइसने 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात याच जातीच्या द्रावणाने डॉक्टरांना हात धुवायला लावले. अमेरिकेत शहराच्या पिण्याच्या पाण्यात मात्र ते कायमचे मिसळायला 1908 उजाडावे लागले. न्यू जर्सीतल्या बूंटन जलाशयावर जॉन लील या डॉक्टरने जर्सी सिटीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर सोडायला सुरुवात केली आणि त्यावरून कोर्टात खटलाही चालला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1911 मध्ये, ब्राउन विद्यापीठाच्या तलावात तीच युक्ती वापरली गेली. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतात, ती याच घराण्यातली. या सुरुवातीतली दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवायला हवीत, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथून निघाला. एक, क्लोरीन आणले गेले ते विषमज्वर आणि कॉलऱ्याच्या जंतूंसाठी. शेवाळ कुणाच्या मनातही नव्हते. दुसरे, ब्राउनचा तलाव छताखाली होता. तिथे क्लोरीनचा खरा शत्रू असलेले ऊन नव्हते, आणि ऊन नाही म्हणून शेवाळही फारसे नव्हते. क्लोरीनची पहिली परीक्षा अशी सोप्या पेपरावर झाली.

शेवाळाचा बंदोबस्त तेव्हा वेगळ्याच खात्याकडे होता, आणि त्याचे औषध होते मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट. अमेरिकेच्या शेतीखात्यातले जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी 1904 मध्ये एक पुस्तिका काढली. जलाशयातल्या शेवाळाने पाण्याला येणारी घाण चव आणि वास दहा लाख भाग पाण्यात एक भाग किंवा त्याहूनही कमी मोरचुदाने जातो, असे त्यांनी दाखवले. कृती इतकी सोपी होती की पाणीखाती त्यावर तुटून पडली: गोणपाटाच्या पोत्यात मोरचुदाचे खडे भरायचे, पोते होडीला बांधायचे आणि जलाशयभर वल्हवत फिरायचे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला मोरचुदाची ही ताकद नवी वाटणार नाही. चुना आणि मोरचुदाचे बोर्डो मिश्रण मिलार्देने 1885 मध्ये फ्रान्समध्ये जाहीर केले, ते द्राक्षावरच्या बुरशीवरच. पण जलाशय आणि घरचा तलाव यांत एक मोठा फरक आहे. जलाशयातून पाणी रोज गावाला जाते आणि नवे येते. तांबे पातळ होते, तळच्या गाळात बसते. घरच्या तलावातून पाणी उडते ते वाफ होऊन, आणि वाफेबरोबर तांबे जात नाही. दर महिन्याला थोडे थोडे तांब्याचे ‘अल्जिसाइड’, म्हणजे शेवाळनाशक, टाकणाऱ्याच्या तलावात तांब्याची बेरीजच होत राहते. मग फरशीवर निळसर-हिरवे डाग पडतात आणि गोऱ्या पोरींचे सोनेरी केस हिरवट होतात. केसांच्या त्या रंगाचे खापर लोक क्लोरीनवर फोडतात, करणारे असते तांबे. आपल्याकडच्या कठीण, चुनखडीच्या बोअरच्या पाण्यात तर तांब्याचा बराच भाग विरघळलेलाच राहत नाही, साका होऊन बसतो. म्हणजे डाग राहतो आणि औषधाचा गुण जातो. तांब्याने शेवाळ मरत नाही असे नाही. पण ते तात्पुरते वापरायचे औषध होते आणि घरच्या तलावात त्याचा रतीब लागला, तक्रार आहे ती इथे.

खरी गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, तलाव घराच्या अंगणात आला तेव्हा. कॅलिफोर्नियात सोनोमा इथल्या डॉनेल कुटुंबाच्या बागेत टॉमस चर्चने 1948 मध्ये मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव आखला आणि तो आकार जगभर गेला. वळणदार भिंती देखण्या असतात, पण पाणी फिरवण्याच्या दृष्टीने अशा तलावात काही कोपरे सुस्तच राहतात. शेवाळ पहिल्यांदा धरते ते तिथेच. गाळणीही त्याच सुमारास बदलली. युद्धात अमेरिकी सैन्याला आमांशाच्या जंतूंचे कोष गाळून काढायचे होते, त्यासाठी डायटमी मातीच्या गाळण्या तयार झाल्या आणि युद्धानंतर तलावांवर आल्या. डायटम हे स्वतः एक प्रकारचे शेवाळच. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या शेवाळाच्या सांगाड्यांतून जिवंत शेवाळ गाळायचे, असा हा कारभार. अंगणातल्या तलावाची मुख्य अडचण होती ऊन. उघड्या पाण्यातले क्लोरीन कडक उन्हात तासाभरात निम्म्याच्या खाली येते. सकाळी टाकलेले दुपारी जवळजवळ संपलेले असते, आणि शेवाळाची भूक नेमकी दुपारीच वाढते. सार्वजनिक तलावावर दिवसभर क्लोरीन सोडणारा माणूस असे. घरी कोण बसणार?

यावर 1950 च्या दशकाच्या अखेरीस उपाय आला, सायन्युरिक आम्ल. हा पदार्थही जुनाच, फ्रीडरिश व्होलरने 1829 मध्येच तयार केलेला. पण तो क्लोरीनला सैलसर धरून ठेवतो आणि उन्हापासून वाचवतो, याचा व्यापारी उपयोग आता झाला. त्याहून मोठी सोय म्हणजे दोन्ही एकाच वडीत आले. ट्रायक्लोर, आपल्या बाजारात ज्याला ‘टीसीसीए नव्वद’ म्हणतात, ती पांढरी, हळूहळू विरघळणारी वडी. आठवड्याला दोन-तीन वड्या तरंगत्या डब्यात टाका आणि विसरून जा. घरगुती तलावाचा प्रसार झाला त्यात या वडीचा वाटा मोठा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेब करून पाहा. या वडीतून 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात दहा भाग, क्लोरीन मिळाले की त्याबरोबर सुमारे 6 पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरते. क्लोरीन काम करून संपते. आम्ल ना उडते, ना उन्हाने मोडते, ना गाळणीत अडकते. तलावाला रोज 2 पीपीएम क्लोरीन लागत असेल तर शंभर दिवसांत 200 पीपीएम क्लोरीन खर्ची पडले आणि 120 पीपीएम आम्ल साठले. 30 पीपीएमपर्यंत हे आम्ल मित्र असते. 120 पीपीएमला ते क्लोरीनला इतके आवळून धरते की मारायला मोकळे असे फारच थोडे उरते. किती थोडे, याचे गणित ओब्रायन, मॉरिस आणि बटलर यांनी 1974 मध्ये मांडले. तलाव सांभाळणाऱ्यांच्या अनुभवाचा आडाखा असा, की शेवाळ रोखायचे तर क्लोरीन या आम्लाच्या निदान सात-आठ टक्के हवे. 30 पीपीएमला सव्वादोन पुरते, 120 पीपीएमला नऊ लागते. आणि मालक आपला पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दोन-तीनवरच असतो.

या जागी चाचणीपेटी घोटाळा वाढवते. आपल्या खेड्यांतले आरोग्यसेवक पिण्याच्या पाण्याची जी ओटी टेस्ट करतात, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असे मानतात, तीच ऑर्थोटोलिडिनची चाचणी कित्येक वर्षे तलावांवर होती. पुढे 1957 मध्ये ए. टी. पेलिनची गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी आली, ती जास्त नेमकी. तरी दोन्ही चाचण्यांत एक गोष्ट सारखी आहे. आम्लाने धरून ठेवलेले क्लोरीन या रसायनांकडे सहज सुटून येते आणि मोजले जाते. पेटी सांगते तीन आहे, आणि ते खोटेही नसते; पण त्यातले त्या क्षणी कामाला उभे असलेले किती, हे ती सांगत नाही. मालकाला दिसते ते असे: क्लोरीन बरोबर, पीएच बरोबर, तरी पाणी हिरवे. तो या निष्कर्षाला येतो की शेवाळच चिवट आहे. मग अल्जिसाइडची बाटली आणतो, वर आणखी दोन वड्या टाकतो. शेवाळ आठवडाभर दबते, आणि पाण्यातले आम्ल आणखी थोडे वाढलेले असते.

रसायन विकणाऱ्यांचे यावर उत्तर आहे, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. ते म्हणतात, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी या आम्लाला 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे. तेवढे असूनही अशा तलावांतून रोगाच्या साथी पसरत नाहीत, मग आम्लाला दोष कसा? यातले पहिले वाक्य खरे, दुसरेही बव्हंशी खरे, आणि तरी त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा. आतड्यातले नेहमीचे जंतू अत्यंत थोड्या मोकळ्या क्लोरीननेही मरतात. आवळून धरलेल्या साठ्यातून जे थोडे सुटते ते त्यांना पुरेसे होते. शेवाळाला त्याच्या कितीतरी पट लागते, कारण त्याची पेशी मोठी, भिंत जाड, आणि फरशीच्या छिद्रात शिरलेले काळे शेवाळ तर बुळबुळीत आवरणाखाली सुरक्षित बसलेले. परवानगीचे आकडे रोगजंतूंसाठी ठरले, हिरवेपणासाठी नाही. 1911 मध्ये छताखालच्या तलावात विषमज्वराविरुद्ध जे तोलमाप बसले, तेच पुढे उघड्या अंगणात शेवाळाविरुद्ध वापरले गेले. आरोग्य निरीक्षक पास करतो आणि तलाव हिरवा होतो, यात म्हणूनच विसंगती काही नाही.

दुसरा आक्षेप पोषणाचा. शेवाळाला फॉस्फरस लागतो. तो काढून टाकला तर क्लोरीनची गरजच काय? याला भक्कम पुरावा आहे. कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये एक तळे मधोमध पडदा घालून दुभागले. एका अर्ध्यात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्यात या दोन्हींबरोबर फॉस्फरस. फॉस्फरसचा अर्धा भाग हिरवागार झाला, दुसरा नाही. आकाशातून काढलेला त्याचा फोटो पाहून पुष्कळ देशांनी साबणातल्या फॉस्फेटवर कायदे केले. आपल्याकडच्या उजनी धरणाचे किंवा पुण्याच्या पाषाण तलावाचे दुखणे समजून घ्यायचे तर हाच धागा धरावा लागतो. पण नैसर्गिक तळ्यात मारणारा कुणी नसतो, म्हणून अन्न किती यावर सगळे ठरते. घरच्या तलावात मारणारा हजर असतो. वाढीच्या वेगापेक्षा मरणाचा वेग जास्त राहिला तर अन्न कितीही असो, शेवाळ जमत नाही. शिवाय फॉस्फेट येते पालापाचोळ्यातून, मातीतून, अंगावरच्या साबणातून, लॉनच्या खतातून, आणि ते रोजच येते. लँथनमची औषधे ते खाली बसवतात, गाळणीवर ताण आणतात, आणि पुढच्या वाऱ्याबरोबर पुन्हा पहिले पाढे. कडेच्या लॉनला खत जपून घालावे आणि पाने रोज काढावीत, इतके या आक्षेपातून घेण्यासारखे आहे.

मग सरळ पाणीच का बदलू नये? सारे तंत्र हाताशी असताना शेवटी यावरच यावे लागते, याचे जगाने पाहिलेले उदाहरण 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधले आहे. मारिया लेंक केंद्रातला सूर मारण्याचा तलाव एका रात्रीत हिरवा झाला, शेजारचा त्यामागोमाग. आयोजकांनी आधी वेगवेगळी कारणे दिली, मग कबूल केले की कुणा कंत्राटदाराने 80 लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते. दोन्ही रसायने निर्जंतुक करणारीच, पण पेरॉक्साइड क्लोरीनला निष्प्रभ करते. एकाचे औषध दुसऱ्याच्या औषधाला मारून गेले आणि शेवाळाला रान मोकळे झाले. कलात्मक जलतरणाच्या स्पर्धा तोंडावर होत्या, तेव्हा त्या दुसऱ्या तलावातले सदतीस लाख लिटरच्या आसपास पाणी सोडून देऊन सरावाच्या तलावातले पाणी रातोरात आणले गेले. एकोणिसाव्या शतकातला नगरपालिकेचा नोकर दर आठवड्याला हेच करी, आणि त्याबद्दल पत्रकार परिषद होत नसे. ऑलिंपिक समितीला जमते ते लोणावळा, कर्जत, अलिबागच्या बंगलेवाल्याला मात्र महागात पडते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी एक मीटर तीस सेंटिमीटर खोल तलावात जवळपास 42 हजार लिटर पाणी मावते. दहा हजारी टँकर चार, आणि वर थोडे. आसपासच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंड्याच्या रांगेत असताना चार टँकर मोरीत सोडणे हा निव्वळ पैशाचा प्रश्नही राहत नाही. पण सगळे पाणी बदलायची गरजही नसते. आम्ल 120 वरून 60 वर आणायला निम्मे पुरते, आणि ते एकदा आणल्यावर पुन्हा चढू न देणे हाती असते.

चढू न देण्याचा मार्ग नवा नाही, वडीच्या आधीचा आहे. साधे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण टाकले तर मागे राहते मीठ, आणि त्याचा शेवाळाशी संबंध नाही. फक्त ते रोज टाकावे लागते, सूर्य मावळल्यावर, म्हणजे रात्रभर उन्हाच्या कात्रीत न सापडता ते काम करते. मिठाच्या पाण्याचे तलाव म्हणून हल्ली जे विकले जातात, त्यांत क्लोरीन नसते हा समज चुकीचा आहे. तिथले यंत्र मिठापासून विजेने क्लोरीनच बनवते, आणि आम्ल आपोआप वाढत नाही हाच त्यांचा खरा गुण. पीएच मात्र तिथे वर वर सरकतो, आणि साडेसातच्या वर गेले की क्लोरीनचा जोरदार भाग झपाट्याने कमी होतो. पीएच आठला तर चौथाई उरतो, म्हणून त्यावर नजर ठेवावीच लागते. भिंती घासणे हे काम कमी प्रतीचे समजून माळ्यावर सोपवले जाते. वास्तविक भिंतीला धरलेल्या शेवाळाचे आवरण फोडल्याशिवाय कुठलेही औषध आत पोचत नाही. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी चालणाऱ्या बंगल्यांत तर उलटाच क्रम असतो. माणसे असताना पंप चालतो आणि सोमवार ते शुक्रवार, तलाव ओसाड उन्हात तापत असताना, वीज वाचवायला बंद. शेवाळाच्या सोयीने आखलेले वेळापत्रक याहून चांगले सापडणार नाही. पोहणारा नसला तरी ऊन असतेच, तेव्हा पंपाचे तास पाहुण्यांवर नव्हे, उन्हावर ठरायला हवेत. आणि वापर नसलेल्या दिवसांत वर झाकण असले तर क्लोरीनची निम्मी लढाई लढावीच लागत नाही.

पावसाळ्याची बदनामी मात्र अर्धीच खरी आहे. पहिल्या सरींबरोबर तलाव हिरवा होतो हे सगळे पाहतात. पाऊस नायट्रोजन आणि धूळ आणतो, क्लोरीन पातळ करतो, ढगांमुळे कुणी तलावाकडे बघत नाही. पण मेच्या उन्हाने रोज सेंटिमीटरभर पाणी उडवून उरलेल्यात जे जे दाट केलेले असते, तांबे, कठीणपणा, सायन्युरिक आम्ल, त्याला महाराष्ट्रात बाहेर काढणारा फुकटचा मार्ग पाऊसच आहे. लोणावळ्याला वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. एक मीटर तीस सेंटिमीटर खोल तलावावर चार मीटर पाणी पडून काठावरून वाहून गेले, तर आधीच्या पाण्यातले शंभरातले पाचच्या आसपास भाग ऑक्टोबरात उरतात. म्हणजे घाटमाथ्यावरच्या तलावाचा हिशेब दसऱ्याला जवळजवळ कोरा होतो. तिथला मालक वडीवर निभावून नेतो आणि त्याचा सल्ला पुण्या-संभाजीनगरचे नातेवाईक ऐकतात. तिकडे पाऊस सातशे मिलिमीटरच्या घरात, म्हणजे जुन्या पाण्यातले निम्म्याहून जास्त तसेच राहते आणि पुढच्या उन्हाळ्याचे आम्ल त्यावर चढते. दुसऱ्या वर्षी तोच सल्ला, तीच वडी, तेवढेच क्लोरीन, आणि एप्रिलमध्ये पाणी हिरवे.